बाटली ओळखीची, आत मात्र विष

मे महिन्यात लखनौला दुपारी बाराच्या सुमारास लू वाहू लागते. चौक असो, अमीनाबाद असो की गोमतीपलीकडचे अलीगंज, घरोघरी दारेखिडक्या बंद होतात. मोठी माणसे पंख्याखाली आडवी होतात आणि घरात एकच जीव जागा असतो, दोन-अडीच वर्षांचे मूल. त्याला तहान लागलेली असते. मोरीजवळ किंवा ओट्याखाली त्याला शीतपेयाची एक बाटली दिसते. बाटलीवरचे रंगीत लेबल अजून तसेच असते. मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत, पण बाटली बरोबर ओळखता येते. पाहुणे आले होते तेव्हा याच बाटलीतून त्याला गोड सरबत मिळाले होते. या वेळी मात्र तिच्यात रॉकेल असते, फिनाईल असते, नाहीतर संडास साफ करायचे ॲसिड.

उत्तर भारतात काय किंवा महाराष्ट्रात काय, बालरोगतज्ज्ञांना ही हकिकत नवी नाही. रॉकेल प्यायलेली मुले उन्हाळ्यात जास्त येतात, हे निरीक्षणही जुने आहे. कारण साधे आहे. उन्हाळ्यात तहान जास्त लागते आणि लहान मूल हाताशी येईल ते तोंडाला लावते.

अशा घटनेनंतर घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला. "तू काय करत होतीस?" सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, दवाखान्याच्या पायरीवर नवराही विचारतो. ती बिचारी आधीच अर्धमेली झालेली असते. खरे तर विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. सरबताच्या बाटलीत रॉकेल भरले कोणी आणि ती जमिनीवर ठेवली कोणी? मुलाने तर आपण शिकवले तेच केले होते. ओळखीची बाटली घेतली आणि तोंडाला लावली.

विष म्हणजे काय?

लखनौमध्ये महात्मा गांधी मार्गावर विषविज्ञानाची एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 1965 मध्ये ती औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र म्हणून स्थापन केली. डॉ. सिब्ते हसन झैदी हे तिचे संस्थापक संचालक होते. आज ती भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. कारखान्यातली धूळ, कीटकनाशके, अन्नातली भेसळ यांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास तिथे चालतो. ते संशोधनाचे ठिकाण आहे, रुग्णालय नव्हे. विष पोटात गेलेल्या मुलाला न्यायचे ते जवळच्या मोठ्या रुग्णालयात. लखनौकर अशा वेळी चौकाजवळच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाकडे धाव घेतात. 1911 मध्ये सुरू झालेले किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज ते हेच.

विषशास्त्राचा पहिला धडा असा की विषारीपणा मात्रेवर ठरतो. जे मोठ्यांना औषध असते तेच लहानाला विष ठरते. हिशेब करून पाहा. आजोबांचे वजन साठ किलो आणि नातवाचे दहा किलो असेल, तर आजोबांची एक गोळी नातवाच्या पोटात गेल्यावर किलोमागे सहापट औषध जाते. शिवाय ज्याला मधुमेह नाही त्याला मधुमेहाची गोळी आणि ज्याचा रक्तदाब नेहमीसारखा आहे त्याला रक्तदाबाची गोळी मिळते, हा दुसरा धोका. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांपैकी एकाच गोळीने लहान मुलाची साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते, आणि तीही काही तासांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर.

धोक्याचे वय साधारण एक ते चार वर्षे. या वयात मूल रांगते, उभे राहते, चालते, मग खुर्चीवर चढते. जग ओळखायचे त्याचे साधन म्हणजे तोंड. काल हात पोचत नव्हता तिथे आज पोचतो, आणि घरच्यांना ते कळते ते वस्तू खाली पडल्यावरच.

रॉकेलचा एक घोट

मे 2016 मध्ये उज्ज्वला योजनेची सुरुवात उत्तर प्रदेशातल्याच बलियातून झाली. गॅस घरोघरी गेला आणि रॉकेलचा स्टोव्ह बराच मागे पडला. तरीही रॉकेल सगळीकडून गेले असे नाही. कुठे कंदिलासाठी, कुठे यंत्राचे भाग पुसायला, कुठे कूलरच्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून ते ठेवलेले असते. रंगकामाचे थिनर आणि टर्पेंटाईन ही त्याचीच भावंडे. डास पळवण्याच्या विजेवरच्या यंत्राला जी द्रवाची बाटली लावतात, तिच्यातही बहुधा रॉकेलसारखेच पातळ तेल असते.

रॉकेलचा मोठा धोका पोटाला नसून फुप्फुसांना आहे. ते अतिशय पातळ असते. गिळताना ठसका लागला की त्याचे थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसात झरझर पसरतात. मग खोकला, धाप, ताप आणि गुंगी येते. पोटात गेलेले रॉकेल त्या मानाने कमी त्रास देते. म्हणूनच रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवणे ही सर्वांत घातक चूक आहे. जे एकदा घशातून खाली गेले तेच पुन्हा वर येते आणि फुप्फुसात शिरायला त्याला दुसरी संधी मिळते.

तरीही घरोघरी पहिला उपाय होतो तो हाच. कोणी मिठाचे पाणी पाजते, कोणी घशात बोट घालते, कोणी मुलाला उलटे धरून पाठीवर थापट्या मारते. यात माया असते, पण नुकसानही तिनेच होते. मिठाचे पाणी तर स्वतःच घातक ठरू शकते. लहान मुलाच्या रक्तात मीठ वाढले की झटके येऊ शकतात.

औषधांचे कपाट, औषधांची पर्स

घरातली औषधे कुठे असतात? कपाटात असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात ती उशीखाली, टीव्हीवर, फ्रीजच्या दारात, देवघराच्या फळीवर आणि आजीच्या पर्समध्ये असतात. आजी-आजोबा नातवंडांकडे राहायला आले की त्यांच्याबरोबर गोळ्यांची डबीही येते. आठवड्याच्या वारांचे खण असलेली ही डबी मोठ्यांच्या फार सोयीची, पण मुलाच्या दृष्टीने ते सात खणांचे खेळणेच असते.

सर्वांत दुर्लक्षित गोळी म्हणजे लोहाची. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लाल, साखरेचे आवरण असलेल्या गोळ्या मिळतात. त्या रक्तवाढीच्या, म्हणजे शक्तीच्या, असा समज असल्याने त्या लपवून ठेवायचे कोणालाच सुचत नाही. नेमके याच वेळी घरात पहिले मूल दीड-दोन वर्षांचे असते. या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. दहा किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे 60 मिलिग्रॅम लोह पोटात जाते आणि एवढ्या मात्रेत गंभीर विषबाधा होऊ शकते. आधी उलट्या आणि जुलाब होतात. मग काही तास मूल सुधारल्यासारखे वाटते, खेळायलाही लागते. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि त्यानंतर प्रकृती एकदम ढासळते. मधली ही शांतता फसवी असते. लोहविषावर उतारा आहे, पण तो रुग्णालयातच मिळतो आणि वेळेत द्यावा लागतो.

तापाच्या पॅरासिटामॉलचेही असेच. जास्त मात्रा गेली तरी पहिल्या दिवशी फारसे काही दिसत नाही आणि आतल्या आत यकृताला इजा होत असते. यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला उपयोग होतो. लक्षणे दिसेपर्यंत थांबणे म्हणजे तो मोलाचा वेळ हातचा घालवणे.

मुलाने औषध घ्यावे म्हणून "ही गोळी नाही रे, चॉकलेट आहे" असे सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मूल हे लक्षात ठेवते आणि संधी मिळताच चॉकलेट शोधून काढते. औषधाला औषधच म्हणावे. सर्दी-खोकल्याचे पातळ औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने न देता बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्यावे. मोठ्या भावाचे उरलेले औषध धाकट्याला देऊ नये. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले दूषित खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तो दोष घरच्यांचा नव्हता, औषध बनवणाऱ्यांचा होता. पण लहान मुलाच्या साध्या खोकल्याला प्रत्येक वेळी बाटली लागतेच असे नाही, एवढे त्यातून प्रत्येक घराने ध्यानात घ्यावे.

मोरी, कोठी आणि देवघर

संडास साफ करायचे ॲसिड आणि तुंबलेला नळ मोकळा करायचा कॉस्टिक सोडा ही विषे जाळणारी आहेत. जीभ, घसा आणि अन्ननलिका काही क्षणांत भाजते. जखम भरताना अन्ननलिका आकसते आणि काही मुलांना पुढे साधा घासही उतरत नाही. अशा मुलाला उलटी करवली तर ॲसिड पुन्हा वर येऊन तीच नळी दुसऱ्यांदा भाजते. ॲसिडवर सोडा आणि सोड्यावर लिंबू असला घरगुती उतारा देणेही चुकीचे आहे. दोन्ही एकमेकांना भिडले की उष्णता निर्माण होते आणि जखम वाढते.

उत्तर भारतात वर्षाचा गहू पत्र्याच्या कोठीत भरून ठेवायची पद्धत आहे. किडे लागू नयेत म्हणून कोठीत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या जातात. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. यावर खात्रीचा उतारा नाही. गोळी गिळली तर धोका आहेच, पण कोठीच्या खोलीत दारे लावून झोपल्यानेही जीव जाऊ शकतो. राहत्या घरात ही गोळी असूच नये. महाराष्ट्रात धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालायची सवय आहे, तीही सोडलेली बरी. आपल्या आज्या कडुनिंबाचा पाला वापरत, डाळींना एरंडेलाचा हात लावत आणि धान्य कडक उन्हात वाळवत. घरात लहान मूल असेल तर तेच उपाय शहाणपणाचे.

उंदराच्या औषधाचेही तसेच. पिवळ्या फॉस्फरसचा लगदा पोळीला किंवा भज्याला लावून कोपऱ्यात ठेवतात. मुलाला ते भजेच दिसते. या विषाने काही दिवसांनी यकृत निकामी होते. उंदरांसाठी पिंजरा लावावा, विष नको.

देवघरातला कापूर मुलाला खडीसाखरेसारखा दिसतो. एखाद-दोन वड्यांनीही थोड्या वेळात झटके येऊ शकतात. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते. अशा मुलाने डांबराची गोळी खाल्ली तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते आणि कावीळ होते.

लखनौ म्हटले की पान आलेच आणि पानाबरोबर चुना व तंबाखू. तंबाखूची चिमूट मुलाच्या पोटात गेली तर निकोटिनने उलट्या होतात, घाम सुटतो, मूल निपचित पडते. चुन्याचा धोका वेगळा आहे. चुन्याची प्लॅस्टिकची पुडी मुले हातात दाबून खेळतात, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. या एका पुडीने मुलांची दृष्टी गेल्याची उदाहरणे देशभरच्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. आपल्याकडे पानदान मागे पडले असेल, पण तंबाखू-चुन्याची डबी गावोगाव खिशाखिशांत आहे.

याच यादीत आणखी एक वस्तू घालायला हवी. रिमोट, घड्याळ आणि खेळणी यांतले बटणाएवढे गोल सेल. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे खोल भाजते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच एक्स-रे काढावा.

नुसते लक्ष ठेवून भागत नाही

मुलावर लक्ष ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. पण दिवसाचे चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणे कोणत्याही आईला शक्य नाही. दारात दूधवाला येतो, दूध उतू जाते, फोन वाजतो. रॉकेलचा घोट घ्यायला तेवढा वेळ पुरतो. लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी बायका घरीच चिकनच्या कापडावर टाके घालतात. नजर कापडावर आणि मूल पायाशी, अशी त्यांची दुपार जाते. त्यांना लक्ष ठेवायला सांगणे सोपे आहे. त्यापेक्षा घराची मांडणी बदलणे जास्त उपयोगाचे.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. आंरी ब्रो गोळ्या खाल्लेली मुले तपासून थकले होते. 1967 मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून दाबून फिरवायचे झाकण आले. मोठ्या माणसाला ते उघडते, लहान मुलाला उघडत नाही. त्या भागातली मुलांची विषबाधा त्यानंतर झपाट्याने घटली. अमेरिकेने 1970 मध्ये अशा वेष्टनांचा कायदाच केला. दक्षिण आफ्रिकेत तर गरीब वस्त्यांतून रॉकेलसाठी अशा झाकणांचे डबे फुकट वाटले आणि तिथल्या मुलांची रॉकेलची विषबाधा जवळजवळ निम्म्यावर आली. आया त्याच होत्या आणि घरेही तीच. बदलले होते फक्त झाकण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2004 या एका वर्षात जगभर वीस वर्षांखालची 45,000 हून अधिक मुले विषबाधेने दगावली. कुलूप आणि उंच फळी एवढ्यानेही त्यांतली बरीच वाचली असती.

घडलेच तर काय करावे?

● मुलाच्या तोंडात काही उरले असेल तर ते बोटाने हलकेच काढावे. ओला कपडा गालावरून आणि ओठांवरून फिरवावा.

● उलटी करवू नये. मीठपाणी, तूप, कच्चे अंडे, लिंबू यांतले काहीही देऊ नये. दूध किंवा पाणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये.

● अंगावर विष सांडले असेल तर कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेले असेल तर डोळा उघडा धरून किमान पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मगच दवाखाना गाठावा. चोळू नये.

● मूल गुंगीत असेल तर त्याला कुशीवर झोपवावे. तोंडाने काहीही देऊ नये.

● बाटली, गोळ्यांची रिकामी पट्टी, पुडी, जे असेल ते बरोबर घ्यावे. किती वाजता घेतले, अंदाजे किती घेतले आणि मुलाचे वजन किती, या तीन गोष्टी डॉक्टरांना आधी सांगाव्यात.

● मूल ठीक दिसते म्हणून थांबू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत 1995 पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. तिथला 1800 116 117 हा विनाशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो फ्रीजच्या दारावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावा. पण फोन लागत नाही म्हणून दवाखान्यात जायला उशीर करू नये.

डॉक्टरांपासून काही लपवूही नये. उंदराचे औषध घरात होते हे सांगायची लाज वाटते, सासूबाई रागावतील म्हणून सून त्यांच्या गोळ्यांचे नाव घेत नाही, आणि तेवढ्यात उपचाराची दिशा चुकते. दोष कोणाचा हे नंतरही ठरवता येते.

आज संध्याकाळी अर्धा तास

यासाठी खर्च काहीच नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाने गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून, सगळे घर फिरून पाहावे. हे काम वडिलांनी केले तर फार उत्तम, कारण रॉकेल, थिनर आणि ॲसिड बहुधा त्यांनीच आणलेले असते. ओट्याखाली काय आहे, मोरीत काय आहे, पलंगाखाली काय सरकवले आहे, ते सगळे दिसेल.

खाण्यापिण्याच्या बाटलीत दुसरे काहीही भरू नये, हा घरातला पहिला नियम. विषारी वस्तू मूळ डब्यातच राहावी, तीही उंचावर आणि कडीकुलपात. औषधांना एकच जागा, एकच कपाट. पाहुण्यांच्या पर्स आणि पिशव्या खुंटीला. जुनी औषधे पट्टीतून काढून टाकून द्यावीत, पण कचऱ्याच्या उघड्या टोपलीत नव्हे. एकाच खोलीचे घर असेल तर छताजवळ खिळ्याला टांगलेली झाकणाची टोपलीही कपाटाचे काम करते.

मूल मोठे होईल तसे त्याला काय खायचे आणि काय खायचे नाही हे समजेल. चार वर्षांचे होईपर्यंत मात्र ही समज त्याच्या वतीने घरातल्या फळीला, कडीला आणि झाकणाला सांभाळावी लागते.